कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरचे नाव: कमला भागवत, जन्म: इंदूर, १८ जून १९११, मृत्यू: नवी दिल्ली, २८ जून १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. पदवी प्रदान केली. वनस्पतींच्या पेशींमधील श्वसन, कडधान्यांतील प्रथिने व ट्रिप्सिनरोधक आणि नीरा या पेयातील पोषकद्रव्ये हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होते. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या (पूर्वीची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) त्या संचालक होत्या.

विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख सर्रास केला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना त्यापूर्वी, १९३१ साली, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळालेली होती. म्हणून हा उल्लेख पीएच.डी. या विशिष्ट पदवीपुरता समजला जातो.

जन्म आणि कुटुंब

कमला यांचा जन्म इंदूर येथे सुशिक्षित मराठी कुटुंबात झाला. त्यांचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूर येथील टाटा विज्ञान संस्था, म्हणजे आजची भारतीय विज्ञान संस्था, १९०९ साली स्थापन झाली. तेथील सुरुवातीच्या विद्यार्थ्यांमध्ये या दोघा बंधूंचा समावेश होता. लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या कमला यांच्या थोरल्या भगिनी होत. घरात अभ्यासाला आणि स्वतंत्र विचाराला मोल होते. वडील व काका ज्या संस्थेत शिकले तेथेच आपणही संशोधन करावे, ही कमला यांची इच्छा या वातावरणातूनच निर्माण झाली.

१९३३ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवली. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय होता.

बंगळूर येथील प्रवेशाचा लढा

पदवीनंतर कमला यांनी भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक त्या वेळी नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. गुणवत्ता असूनही स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांचा अर्ज नाकारण्यात आला. कमला यांनी हा नकार स्वीकारला नाही. त्या बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग अवलंबला.

अखेर त्यांना प्रवेश मिळाला, परंतु काही अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नव्हते. काम समाधानकारक ठरल्यासच त्यांच्या संशोधनाला मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्री उशिरापर्यंत काम करण्याची तयारी त्यांना ठेवावी लागणार होती. त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होऊ नये, अशीही एक अट होती. बरोबरीच्या पुरुष विद्यार्थ्यांवर अशी कोणतीही बंधने नव्हती. या अटी मान्य करणे कमला यांना अपमानास्पद वाटले, तरी संशोधनाची संधी हातची जाऊ नये म्हणून त्यांनी त्या स्वीकारल्या.

वर्षभरानंतर त्यांच्या कामाने संचालकांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित विद्यार्थिनीचा दर्जा मिळाला. पुढे संस्थेत स्त्रियांना प्रवेश देण्यास सुरुवात झाली. हा प्रसंग कमला सोहोनी कधीही विसरल्या नाहीत. रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून असलेले मोठेपण मान्य करूनही, स्त्रियांबाबतची त्यांची दृष्टी संकुचित होती, असे त्यांनी उत्तरायुष्यात जाहीरपणे सांगितले.

बंगळूर येथे एम. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. त्यांच्या हाताखाली कमला यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. कडधान्यांमधील नायट्रोजनाचा सगळाच भाग प्रथिनांच्या रूपात नसतो. या प्रथिनेतर नायट्रोजनाविषयीचा दोघांचा शोधनिबंध १९३५ साली बायोकेमिकल जर्नल या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अन्नातील नायट्रोजन मोजून प्रथिनांचे प्रमाण ठरवण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. त्यामुळे हा प्रश्न पोषणाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. १९३६ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली.

केंब्रिज येथील संशोधन

यानंतर कमला इंग्लंडला गेल्या आणि केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम कॉलेजमध्ये दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स हे तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. या विभागात कमला यांनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्यासह प्राण्यांच्या ऊतींमधील विकरांवर काम केले. फिनोलेज व अ‍ॅमाइन ऑक्सिडेज या विकरांविषयीचे त्यांचे शोधनिबंध १९३८ आणि १९३९ साली प्रसिद्ध झाले. रिक्टर अन्यत्र गेल्यानंतर त्या रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींच्या ऊतींकडे वळल्या. प्रकाशसंश्लेषणातील ज्या प्रक्रियेला हिल अभिक्रिया म्हटले जाते, तिचा शोध लावणारे हेच हिल होत.

सायटोक्रोम हे लोहयुक्त प्रथिन आहे. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे सोपवले जातात आणि शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. या साखळीतील सायटोक्रोम सी हा एक दुवा आहे. त्याच्याकडील इलेक्ट्रॉन सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजनला देते. केंब्रिजमधीलच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोमला हे नाव दिले आणि ते प्राणी, यीस्ट व उच्च वनस्पती यांमध्ये आढळत असल्याचे दाखवले होते. परंतु वनस्पतींचे श्वसन प्रत्यक्षात याच मार्गाने चालते काय, याविषयी १९३० च्या दशकात मतभेद होते. बटाटा कापला की त्याची फोड काळी पडते. त्यास कारणीभूत असलेले विकरच वनस्पतीच्या श्वसनाचा अखेरचा टप्पा पार पाडत असावे, असे मानणारे संशोधकही होते.

कमला यांनी बटाट्याच्या ऊतींवर प्रयोग करून वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी असल्याचे आणि ते श्वसनाच्या प्रक्रियेशी निगडित असल्याचे दाखवले. या निष्कर्षामुळे प्राणी आणि वनस्पती यांच्या पेशी ऊर्जानिर्मितीसाठी मूलतः एकच यंत्रणा वापरतात, या मताला पुष्टी मिळाली. अवघ्या १४ महिन्यांत पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध केवळ ४० पृष्ठांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. उच्च वनस्पतींमधील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी हिल यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९५१ साली न्यू फायटॉलॉजिस्ट या नियतकालिकात प्रकाशित झाला.

लोकप्रिय लेखनात कमला सोहोनी यांना अनेकदा सायटोक्रोम सीच्या शोधाचे श्रेय दिले जाते. मात्र सायटोक्रोम त्यापूर्वीच ज्ञात होते. वनस्पतींच्या ऊतींमधील त्याचे अस्तित्व व कार्य सिद्ध करणे हे त्यांचे योगदान होय.

भारतात परत

परदेशात राहून संशोधन चालू ठेवणे त्यांना शक्य होते. परंतु महात्मा गांधींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि स्वातंत्र्याच्या चळवळीच्या काळात मायदेशी असावे, अशी त्यांची इच्छा होती. १९३९ साली त्या भारतात परतल्या. नवी दिल्ली येथील लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक व विभागप्रमुख म्हणून त्यांनी काम केले. त्यानंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक झाल्या. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलवण्यात आली आणि राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. कुन्नूर येथे त्यांनी मुख्यतः जीवनसत्त्वांच्या परिणामांचा अभ्यास केला.

१९४७ साली त्यांचा विवाह विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या काळात जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला होता. तेथे त्या प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी येथे सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांवर दीर्घकाळ संशोधन केले.

कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक

भारतातील बहुसंख्य लोकांना प्रथिने प्रामुख्याने डाळी व कडधान्ये यांतून मिळतात. परंतु धान्यात प्रथिने किती आहेत एवढ्यावरून ती शरीराला किती मिळतील हे ठरत नाही. स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारे ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते. अनेक कडधान्यांच्या दाण्यांत या विकराला चिकटून त्याचे काम थांबवणारी लहान प्रथिने असतात. त्यांना ट्रिप्सिनरोधक म्हणतात. असे दाणे कच्चे खाल्ल्यास त्यातील प्रथिनांचे नीट पचन होत नाही.

एखाद्या पदार्थातील रोधकाचे प्रमाण मोजण्याचे तत्त्व साधे आहे. ठरावीक वेळात ट्रिप्सिन किती प्रथिन तोडते हे प्रथम मोजतात. नंतर त्यात तपासायच्या पदार्थाचा अर्क मिसळून तेच मोजमाप पुन्हा करतात. या दोहोंतील फरक म्हणजे रोधकाचा प्रभाव होय. सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिनरोधकांची पद्धतशीर पाहणी १९५० च्या दशकात सुरू केली. के. एस. अंबे यांच्यासह त्यांनी वाल आणि डबल बीन या दोन कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळे केले. त्याविषयीचा निबंध १९५५ साली नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्फटिकरूप मिळणे हे त्या काळी पदार्थ शुद्ध असल्याचे महत्त्वाचे लक्षण मानले जात असे. सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या मध्यावर याच रीतीने वेगळा केला होता. त्यानंतर दहाएक वर्षांतच मुंबईच्या प्रयोगशाळेत भारतीय आहारातील कडधान्यांवर झालेले हे काम त्यामुळे उल्लेखनीय ठरते.

तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी हीमॅग्लुटिनिन या गटातील प्रथिनेही वालात आढळतात. त्यांच्यावरील सोहोनी यांच्या गटाचे संशोधन १९६५ साली प्रसिद्ध झाले. ट्रिप्सिनरोधक आणि हीमॅग्लुटिनिन या दोहोंचा प्रभाव पुरेशा उष्णतेने बऱ्याच अंशी नाहीसा होतो. कोकणात वाल भिजवून, मोड आणून, सोलून आणि शिजवून खाण्याची रीत आहे. तिच्यातील शिजवण्याच्या टप्प्यामागचे रासायनिक कारण अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले.

हे रोधक वनस्पतीच्या स्वतःच्या काय उपयोगाचे, हा प्रश्नही सोहोनी व अंबे यांनी विचारात घेतला. वनस्पतींच्या चयापचयातील ट्रिप्सिनरोधकांच्या स्थानाविषयी त्यांचा लेख १९५६ साली प्रकाशित झाला.

नीरेवरील संशोधन

ताड, माड, शिंदी अशा झाडांपासून मिळणारा ताजा, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. ती लवकर आंबते आणि आंबल्यावर तिची ताडी होते. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ व क जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. रस आटवून गूळ व काकवी केली तरी ही पोषकद्रव्ये टिकून राहू शकतात, असाही निष्कर्ष त्यांनी काढला.

या संशोधनाचा पुढचा टप्पा प्रयोगशाळेबाहेरचा होता. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. स्थानिक पातळीवर सहज उपलब्ध होणारा आणि स्वस्त असा पूरक आहार म्हणून नीरेकडे पाहण्यास त्यामुळे शास्त्रीय आधार मिळाला. या कार्यासाठी सोहोनी यांना राष्ट्रपती पुरस्कार देऊन गौरवण्यात आले. मुंबईच्या आरे दुग्धप्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत मार्गदर्शन केले.

संचालकपद

विज्ञान संस्थेचे संचालकपद सोहोनी यांना सहजासहजी मिळाले नाही. ज्येष्ठता व पात्रता असूनही त्यांची नियुक्ती चार वर्षे लांबली आणि त्यामागे स्त्रियांविषयीचा पूर्वग्रह असल्याचे मानले जाते. १९६५ साली त्या संचालक झाल्या आणि १९६९ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. तीस वर्षांपूर्वी एका संस्थेत केवळ प्रवेश मिळवण्यासाठी त्यांना संचालकांच्या दारात बसावे लागले होते. अनुभव व कीर्ती मिळवल्यानंतरही तोच अडथळा निराळ्या रूपात पुन्हा समोर आला, हे त्यांच्या कारकिर्दीचे अभ्यासक आवर्जून नोंदवतात.

ग्राहक चळवळ

अन्नाविषयीचे ज्ञान शोधनिबंधांपुरते राहू नये, ही दृष्टी त्यांच्या सार्वजनिक कार्यातही दिसते. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना स्थापन केली. खाद्यपदार्थांतील भेसळ व वजनमापातील फसवणूक यांविरुद्ध या संघटनेने काम केले. सोहोनी या संघटनेच्या सक्रिय सदस्य होत्या आणि १९८२-८३ साली त्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. संघटनेच्या कीमत या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले.

मृत्यू

१९९८ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा नवी दिल्ली येथे सत्कार आयोजित केला. परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. या समारंभातच सोहोनी कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे निधन झाले.

संशोधनाचे उत्तरकालीन महत्त्व

सोहोनी यांनी हाताळलेल्या दोन्ही प्रमुख विषयांना पुढील काळात अनपेक्षित वळण मिळाले. १९९६ साली अमेरिकेत शाओडोंग वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायटोक्रोम सीचे दुसरे कार्य उघडकीस आणले. पेशीवर असह्य ताण आला किंवा तिची मोठी हानी झाली, तर हे प्रथिन तंतुकणिकेतून, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियामधून, पेशीद्रव्यात उतरते आणि पेशीच्या नियोजित मृत्यूची प्रक्रिया सुरू करते. पेशीला जगवण्यासाठी ऊर्जा पुरवणाऱ्या साखळीतील दुवाच तिच्या मृत्यूचा संकेतही देतो, हे यातून कळले. कर्करोगावरील औषधांच्या शोधात वनस्पतिजन्य संयुगे तपासली जातात. तेव्हा पेशीतील सायटोक्रोम सी बाहेर पडले काय, ही आज नेहमीची चाचणी झाली आहे.

ट्रिप्सिनरोधकांची कथाही अशीच आहे. १९७२ साली टी. आर. ग्रीन व क्लॅरेन्स रायन यांनी बटाटा व टोमॅटो यांच्या पानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किड्यांनी पान कुरतडल्यावर झाडाच्या इतर पानांतही प्रथिनविघटक विकरांचे रोधक वेगाने साठू लागतात, असे त्यांना दिसले. किड्याला पान पचू नये, अशी ही वनस्पतीची संरक्षणव्यवस्था होती. माणसाच्या पोषणातील अडथळा म्हणून अभ्यासले गेलेले हे पदार्थ वनस्पतीच्या दृष्टीने संकटाला दिलेले उत्तर ठरले. कडधान्यांतील बाउमन-बर्क या गटातील रोधकांचा पुढे कर्करोग व दाह यांच्या संदर्भात औषधी संयुगे म्हणूनही अभ्यास झाला. कीडप्रतिकारक पिके तयार करण्यासाठीही अशा रोधकांच्या जनुकांचा विचार झाला.

एकच संयुग एका ठिकाणी अपायकारक, दुसरीकडे संरक्षक आणि तिसरीकडे उपयुक्त ठरू शकते. ते कोणते हे मात्रा, उष्णता आणि पेशीची अवस्था यांवर अवलंबून असते. बटाटा, वाल आणि नीरा या अगदी साध्या पदार्थांवर सोहोनी यांनी केलेले काम या विचाराच्या भारतातील सुरुवातीच्या पायाभरणीत मोडते.

सन्मान व स्मरण

नीरेवरील संशोधनासाठी राष्ट्रपती पुरस्कार.
भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेतर्फे सत्कार, १९९८.
त्यांच्या ११२ व्या जयंतीनिमित्त १८ जून २०२३ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे विशेष डूडल प्रदर्शित केले.